वेचलेले तांदूळ आणि वेचलेला पैसा



आपल्या मराठी भाषेत 'वेचणे' हा एक विलक्षण शब्द आहे. अंगणात पडलेले फूल उचलणे म्हणजे वेचणे, आणि हातचे धन खर्च करणे म्हणजेही वेचणेच. गोळा करणे आणि हातातून सोडणे या दोन उलट क्रियांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द दिला. याचा विचार करू लागलो की आम्हांला बाराव्या शतकातील कल्याणनगरीतले एक दांपत्य आठवते. आय्दक्की मारय्या आणि त्यांची धर्मपत्नी लक्कम्मा. 'आय्दक्की' या कन्नड शब्दाचा अर्थच 'वेचलेला तांदूळ' असा आहे.

मारय्या मूळचे रायचूर भागातील अमरेश्वर क्षेत्राजवळचे. कल्याणास आल्यावर त्यांनी जे कायक पत्करले ते दिसायला अगदी क्षुल्लक होते. महात्मा बसवेश्वरांच्या महामनेसमोर धान्याची ने-आण होत असे, तेव्हा जे दाणे सांडत ते वेचून आणायचे. लक्कम्मा ते शिजवीत, जंगमांना दासोह करीत आणि उरलेला प्रसाद दोघे ग्रहण करीत. परंपरेने सांगितलेली कथा आपण जाणताच. एके दिवशी मारय्यांच्या ओटीत रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि विचारले की, आजच्या दासोहाला इतके कशाला? जेवढ्याची गरज तेवढेच आपले. वरचे जेथून आणले तेथे नेऊन टाका. आणि मारय्या मुकाट्याने ते परत टाकून आले. राजाला हाव शोभत असेल, शिवभक्ताला ती शोभत नाही, हा लक्कम्मांच्या वचनांतील भाव प्रसिद्ध आहे.

ही कथा आपण पुराणात, प्रवचनात अनेकदा ऐकतो, माना डोलावतो आणि घरी जातो. पण बडोद्याच्या म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या मुक्कामात या कथेवर प्रवचन झाल्यानंतर एक माउली पुढे आल्या. त्यांनी जे विचारले ते ऐकून कथेचा अर्थ पुन्हा मुळापासून तपासावा असे आम्हांस वाटले. त्या म्हणाल्या, "महाराज, घरखर्चातून उरलेली चिल्लर मी यजमानांना न सांगता डाळीच्या डब्यात टाकते. वीस वर्षे झाली. ही बचत म्हणायची की चोरी? आणि चार मुठी तांदूळ जास्त आले म्हणून नवऱ्याला परत पाठवणाऱ्या लक्कम्माला माझा डबा चालला असता का?"

वाचकहो, या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. चोरून साठवणे धर्म्य आहे काय, हा एक. आणि मुळात साठवणेच धर्म्य आहे काय, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी शोधली पाहिजेत.

आधी आपल्या घरांतील चालीरीती डोळ्यांसमोर आणू. दांडियाबाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे घ्या, नाही तर सोलापूर, लातूरकडची आपली घरे घ्या. चिल्लर साठवण्याची रीत नाही असे घर विरळाच. मुलांसाठी कुंभाराकडचा मातीचा गल्ला असतो. त्याला पैसा आत जाण्यापुरती फट असते, बाहेर येण्याची वाट नसते. फोडल्याशिवाय तो काही देत नाही. गृहिणीचा डबा असतो, तो बहुधा धान्यात दडलेला. देवघरात एक वाटी असते, तीत सोमवारी लिंगपूजा झाल्यावर काही घरांत एक नाणे पडते. दुकानदाराच्या गल्ल्यात भवानीचा पैसा वेगळा असतो, जुन्या पेढ्यांच्या वह्यांत धर्मादायाचे खाते असते. लग्नात एकशे एक देताना वरचा तो एक रुपया नसला तर पाकीट अपुरे वाटते. भाजीवाल्याला "छूटा नथी" म्हणणारे गुजराती शेजारी आणि "मोड नाही" म्हणणारे आपण, दोघांच्याही घरी त्या मोडीला एक जागा ठरलेली आहे. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण मुलांना शिकवतो ते पुस्तकातून कमी आणि या गल्ल्यातून जास्त.

आता पहिला प्रश्न. माउलीचा डबा ही चोरी आहे काय?

शरणांनी तन, मन आणि धन यांची वाटणी करून ठेवली आहे. तन गुरूला, मन लिंगाला आणि धन जंगमाला. धन जंगमाचे, म्हणजे समाजाचे, असे एकदा मानले की ते नवऱ्याचे की बायकोचे हा वाद पायरीने खालचा ठरतो. तरीही त्या पायरीवर उभे राहूनच बोलू. कायकाशिवाय भोजन नाही अशी आपली शिकवण आहे. घरातील स्त्री पहाटेपासून रात्रीपर्यंत जे करते ते कायक नव्हे काय? मग त्या कायकाचे फळ तिचे नाही असे कोण म्हणेल? भाजीच्या बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करून, रिक्षा सोडून पायी चालून, स्वतःच्या हौशीला मुरड घालून तिने जो पैसा राखला, तो तिने वेचलेलाच पैसा आहे. मारय्यांनी दाणे वेचले तसा. ज्याने वेचले त्याच्या श्रमाला मान देणारा आपला धर्म आहे. म्हणून आमचे पहिले उत्तर स्पष्ट आहे. ही चोरी नव्हे.

मग ते लपवावे का लागते? येथे मात्र दोष डब्याचा नाही, घराचा आहे. लक्कम्मांची कथा पुन्हा पाहा. दारात आलेल्या धान्याविषयी नवऱ्याला त्या उघड प्रश्न विचारतात आणि नवरा उत्तर मानतो. त्या घरात काही लपवावे लागत नाही, कारण तेथे स्त्रीला विचारण्याचा अधिकार आहे आणि पुरुषाला ऐकण्याची तयारी. ज्या घरात दोन्ही नाही तेथे पैसा डाळीत जातो. कोणाचे व्यसन, कोणाचा हात सैल, कोणाचा स्वभाव असा की शिल्लक दिसली की लगेच मागणार. अशा घरांत हा डबा म्हणजे मुलांची फी असते, औषधाची बाटली असते, कधी कधी तर उपासमारीपासून बचाव असतो. त्याला पाप म्हणणारा धर्म आम्हांला ठाऊक नाही. परंतु पुरुष वाचकहो, आपल्या घरात असा डबा असेल तर तो कोठे आहे हे शोधू नका. तो लपवावा असे का वाटले हे शोधा.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपण विसरलेलो नाही. पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि देशभरच्या घराघरांतून डबे उघडावे लागले. चिल्लर साचली की तिची नोट करून ठेवण्याची आपल्याकडची रीत. त्यामुळे वर्षानुवर्षांची ती साठवण एका रात्रीत नवऱ्यापुढे, मुलांपुढे, बँकेच्या खिडकीपुढे ठेवणे भाग पडले. कोठे हसू झाले, कोठे आश्चर्य, कोठे "इतके दिवस आम्हांला फसवलेस" असे शब्दही गेले. पण ज्या घरात नवऱ्याने ती रक्कम मोजून पुन्हा तिच्याच हाती, तिच्याच नावाच्या खात्यात ठेवली, त्या घरी त्या दिवशी खरे शिवाचरण घडले.

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. लक्कम्मांनी उद्यासाठी दाणाही ठेवू दिला नाही. मग आपण साठवावे तरी का? की ही कथा केवळ ऐकायची, आणि वागायचे मात्र थेंबे थेंबे या म्हणीप्रमाणे?

काही जण म्हणतात, ते शरण होते, आपण संसारी. हे उत्तर आम्हांला पटत नाही. लक्कम्माही संसारीच होत्या, त्यांच्याही घरी चूल होती. दुसरे काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन गरिबाला सांगतात की उद्याची चिंता शिव करील. हेही आम्हांला पटत नाही, आणि त्याचे कारण कथेतच आहे. लक्कम्मा उद्याविषयी निर्भय होत्या त्या कशाच्या बळावर? शिवावरील निष्ठेच्या बळावर, हे तर खरेच. पण ती निष्ठा हवेत उभी नव्हती. त्या कल्याणात राहत होत्या. तेथे महामनेत दासोह चालत होता, तेथे धोब्याचे, नावाड्याचे, दोरखंड वळणाऱ्याचे कायक सारख्याच मानाचे होते, आणि एकाच्या घरी चूल पेटली नाही तर दुसऱ्याच्या घरी पान वाढलेले होते. लक्कम्मांनी स्वतःच्या घरी कोठार केले नाही, कारण सारा शरणसमाज हेच त्यांचे कोठार होते. मारय्यांनी वरचे तांदूळ परत टाकले ते कोठे? मातीत नव्हे. ते पुन्हा दासोहाच्या वाटेला लागले.

म्हणून लक्कम्मांचा आदेश अर्धा घेता येत नाही. "साठवू नका" हे अर्धे वाक्य आहे. "तुमच्या उद्याची काळजी आम्ही घेऊ" हे उरलेले अर्धे, आणि ते समाजाने बोलायचे आहे. जो समाज विधवेला, आजाऱ्याला, शिकणाऱ्या मुलाला दुसरे अर्धे वाक्य ऐकवू शकत नाही, त्याला पहिले अर्धे ऐकवण्याचा अधिकार नाही. आज दवाखान्याचे बिल एका आठवड्यात घर रिकामे करते. अशा काळात गृहिणीचा डबा हे हावेचे लक्षण नसून, आपला समाज अजून कल्याण झालेला नाही याचे लक्षण आहे.

सुदैवाने, एकेकट्या डब्यांना जोडून सर्वांचे कोठार करता येते हे आपल्या माणसांनी करून दाखवले आहे. २० जुलै १९०८ रोजी महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात बँक ऑफ बडोदा स्थापन केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच १९०८ साली पुण्याजवळ तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, हे फार थोड्यांना आठवते. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागितला आणि लोकमान्य टिळकांनी त्या कार्याला पाठबळ दिले. एकीकडे राजाने उभारलेली पेढी, दुसरीकडे लोकांच्या एकेका पैशातून उभी राहिलेली भट्टी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना घरोघरच्या मूठमूठ धान्याचा आधार होता. आणि बडोद्याहून जवळच, अहमदाबादेत, १९७४ साली फेरीवाल्या, मोलमजुरी करणाऱ्या सुमारे चार हजार स्त्रियांनी माणशी दहा रुपये काढून स्वतःची सेवा बँक स्थापली. डाळीतला पैसा त्या स्त्रियांनी एकत्र आणला आणि तो एकमेकींच्या अडचणीला धावून जाऊ लागला. दासोह म्हणजे केवळ पंगत नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

तर मग साठवण केव्हा धर्म्य आणि केव्हा हाव? लक्कम्मांच्या प्रश्नातच कसोटी आहे. त्यांनी "इतके का?" असे विचारले. म्हणजे किती आणले यापेक्षा कशासाठी आणले याला महत्त्व आहे. ज्या पैशाला नाव आहे, हा मुलीच्या शिक्षणाचा, हा सासूबाईंच्या डोळ्यांच्या औषधाचा, हा दासोहाचा, तो साठला तरी वाहताच आहे; आज ना उद्या तो कोणाकडे जायचा हे ठरलेले आहे. ज्या पैशाला नाव नाही, जो केवळ वाढतो म्हणून मोजून पाहावासा वाटतो, तो थोडा असला तरी हाव आहे. ईशावास्य उपनिषद आरंभीच्या मंत्रात त्याग आणि भोग एकत्र सांगून धनाच्या लोभापासून परावृत्त करते. तेथील शेवटच्या शब्दांचा अन्वय प्रश्न म्हणूनही लावतात, की हे धन आहे तरी कोणाचे? डब्यात नाणे टाकताना हाच प्रश्न मनात यावा.

निनावी पैसा मरतो, याचा दाखला बडोद्याच्या जुन्या घरांत सापडतो. कोणाच्या देवघरात अजून गायकवाडी तांब्याचा पैसा असतो. त्यावर घोड्याचा खूर आणि तलवार कोरलेली. बडोद्याचे बाबाशाही चलन १९०१ साली बंद झाले आणि इंग्रजी रुपया आला. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. ३० जून २०११ पासून चार आणे, म्हणजे पंचवीस पैसे, आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून गेली. दरवेळी कोणाच्या तरी गल्ल्यात काही नाणी राहून गेली आणि धातूच्या तुकड्यांपलीकडे त्यांना किंमत उरली नाही. धान्य फार दिवस ठेवले की त्यात किडे होतात, पैशालाही तसेच होते. नाण्यातला जीव तांब्यात नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यात आहे. लक्कम्मांनी तांदूळ परत पाठवले ते या अर्थाने तांदळावरही उपकारच होते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. मठाच्या, मंदिराच्या पेटीत काय पडते ते आम्ही पाहतो. फाटकी नोट, घासलेले नाणे, दुकानदाराने नाकारलेला दहाचा शिक्का. दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी सर्व वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते. तरीही बाजारात कोणी घेत नाही म्हणून ती देवाला वाहिली जातात. पैसा खोटा नसतो, देण्यातला भाव खोटा असतो. लिंगाला अर्पण करून मग प्रसाद घ्यायचा, हा आपला नित्याचा आचार. आधी अर्पण, मागून आपण. मग पैशाच्या बाबतीत आधी आपण आणि उरले तर, तेही चालत नसले तर, दासोह, असा उलटा आचार कोठून आला? मारय्या वेचत होते ते सांडलेले दाणे होते, हे खरे. पण ते घरी आल्यावर पहिले पान जंगमाचे होते. उरलेला प्रसाद त्यांचा होता.

आता तर उरण्याचाच प्रश्न नवा झाला आहे. २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आली आणि भाजीवाल्याच्या गाड्यावरही तो काळा-पांढरा चौकोन लटकू लागला. चौऱ्याऐंशी रुपये झाले की नेमके चौऱ्याऐंशीच जातात. मोड परत येत नाही, तिच्या बदल्यात हातावर टेकवलेली गोळीही येत नाही. सोय मोठीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मुलांचा गल्ला रिकामा राहू लागला आहे, आणि त्याबरोबर एक शिक्षणही थांबले आहे. नाणे हातात येई, क्षणभर थांबे, आणि मूल ठरवी, खाऊ की गल्ला? तो एक क्षण हा त्याचा पहिला संयम होता. गृहिणीलाही आता डाळीत लपवायला काही उरत नाही, आणि खात्यावरचा प्रत्येक रुपया घरातल्या दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसतो. ज्या घरी विश्वास आहे तेथे हे उत्तमच. ज्या घरी नाही, तेथील माउलीचा शेवटचा आसरा गेला, हेही समाजाने ध्यानात ठेवावे. तिच्या स्वतःच्या नावाचे, तिच्याच हातचे खाते असावे, असा आमचा आग्रह आहे.

म्हणून वाचकहो, पूर्वी चिल्लर आपोआप उरत असे, आता ती ठरवून बाजूला काढावी लागेल. आणि ठरवून काढलेल्या पैशाचे मोल आपोआप उरलेल्या पैशाहून जास्त आहे. सोमवारी पूजेनंतर घरातील प्रत्येकाने, लहान मुलानेसुद्धा, एक नाणे हाती घ्यावे, ते कशासाठी हे मोठ्याने सांगावे आणि मगच वाटीत टाकावे. बसवजयंतीला आणि महाशिवरात्रीला ती वाटी, तो गल्ला सर्वांसमोर उघडावा. हिशेब सर्वांनी मिळून करावा, आणि घरातील स्त्रीचे मत आधी ऐकावे. घराच्या गरजेचे घराला ठेवावे, त्याला संकोच नको. दासोहाचे ज्याला द्यायचे ते मुलाच्या हाताने द्यावे, म्हणजे साठवणे आणि देणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत हे त्याला आयुष्यभर आठवेल.

आणि त्या माउलीला? लक्कम्मांना तुमचा डबा चालला असता काय, असे आपण विचारले होते. आम्हांस वाटते, त्यांनी डब्याचे झाकण उघडून आत किती आहे हे पाहिले नसते. त्यांनी एवढेच विचारले असते, "कशासाठी?" आणि आपल्यापाशी त्याचे उत्तर आहे. वीस वर्षे ज्या मुलांसाठी, ज्या आजारपणांसाठी आपण ते नाणे-नाणे राखले त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. तो डबा हेही कायक आहे. फक्त एक करावे. त्या नावांत एक नाव परक्याचेही घालावे, ज्याच्या घरी डाळही नाही आणि डबाही नाही अशाचे. तेवढ्याने तो डबा दासोहाचा होईल.

सर्वांच्या घरी वेचण्याचे दोन्ही अर्थ नांदोत, हीच महात्मा बसवेश्वरांच्या चरणी प्रार्थना.

शरणु शरणार्थी.